कुस्तीच्या निवेदकाने केलेली बॉक्सिंगची कॉमेंट्री

जी मुलगी जिंकत होती, तिला मी टीव्हीवर पळपुटी म्हणालो. चुकून तोंडातून निसटलं असंही नाही. पहिल्या फेरीत म्हणालो. लोकांना ते आवडतंय हे मोबाइलवर यायला लागलेल्या मेसेजवरून कळलं, म्हणून दुसऱ्या फेरीत पुन्हा म्हणालो, आणि तिसऱ्या फेरीत मी दुसरं फारसं काही म्हणतच नव्हतो. शेवटी पंचांनी तिलाच विजयी ठरवलं, तेव्हा मी माइकवर म्हणालो, "पंचांनी काय पाहिलं ते पंचांनाच ठाऊक." हे वाक्य त्या वेळी मला फार चांगलं वाटलं होतं. घरी जाताना मोटरसायकलवर मी ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या व्यवसायाबद्दल लिहा' असं सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात कुस्तीची मैदानं, गाजलेले पैलवान, गमतीचे प्रसंग असं काहीतरी असणार. तेही माझ्याकडे आहे. पण लिहायला बसलो की हेच आधी पुढे येतं, म्हणून हेच लिहितो.

मी निवेदक आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जत्रेतल्या कुस्त्या, दुकानांची उद्घाटनं, साखरपुडे, सत्कार अशा ठिकाणी लाउडस्पीकरमधून जो आवाज येतो तो बऱ्याच वेळा माझा असतो. लोक मला चेहऱ्याने ओळखत नाहीत. किराणा दुकानात मी "अर्धा किलो शेंगदाणे" म्हणालो की मागची माणसं वळून बघतात आणि एखादा म्हणतो, "सूर्यकांतराव न्हवं का?" वीसेक वर्षांत मी एवढंच कमावलं आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

कुस्तीचं निवेदन बाहेरच्याला सोपं वाटतं. पैलवान आखाड्यात उतरला की त्याचं नाव, गाव, तालीम आणि वस्ताद सांगायचे. डाव लागला की डावाचं नाव घ्यायचं. कुणी कुस्तीवर इनाम लावलं तर लावणाऱ्याचं नाव घ्यायचं. डावाचं नाव चुकलं तर चालतं, हे चुकलेलं चालत नाही. पण खरं काम वेगळंच आहे. मैदान गार पडू द्यायचं नाही. दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात ठेवून नुसतेच उभे राहिले की लोक भेळ खायला उठतात. एकदा उठलेला माणूस परत त्याच जागी बसत नाही. म्हणून जो पुढे येतो त्याला चढवायचं आणि जो मागे सरतो त्याला डिवचायचं. "पैलवान, कुस्ती धरायला आलाय का पाव्हण्याकडं?" असं म्हटलं की लोक हसतात, मागे सरणाऱ्याला राग येतो, तो पुढे येतो आणि कुस्ती लागते. कुस्तीत मागे सरणं ही लाजेची गोष्ट. हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्याकडे ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

मैदानात माझ्या बोलण्याने कुणाचं फारसं बिघडतही नाही. पाच हजार माणसं स्वतःच्या डोळ्यांनी बघत असतात. मी चुकलो तर तिथल्या तिथे ओरडतात, "ओ निवेदक, चष्मा लावा." टीव्हीवर असं कुणी ओरडत नाही. टीव्हीसमोरचा माणूस डोळे उघडे ठेवून कानाने बघत असतो. हे कळायला मला फार उशीर झाला.

आमच्या भागात एक केबल चॅनेल आहे. नाव देत नाही, कारण ते अजून चालू आहे. त्याच्या मालकांना सगळे शेठ म्हणतात. एक दिवस शेठचा फोन आला.

"सूर्यकांतराव, बॉक्सिंग दाखवायचंय. लाइव्ह. बोलायला तुमी."

"शेठ, मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही."

"बघणाऱ्यांना तरी कुठं कळतंय? तुमी बोलत राहा. गप बसला की लोक चॅनेल बदलत्यात."

म्हणजे मैदान गार पडू द्यायचं नाही. हे तर मला येत होतं. मी हो म्हणालो. तयारी म्हणून मोबाइलवर काही सामने पाहिले आणि जॅब, हुक, अपरकट आणि नॉकआउट हे चार शब्द पाठ केले. अपरकट हा शब्द मला आवडला म्हणून तो मी जास्त वापरला. पुढे रेकॉर्डिंग पाहिलं तेव्हा कळलं की अंतिम सामन्यात दोघींपैकी एकीनेही अपरकट मारला नव्हता.

स्पर्धा बारामतीच्या एका मंगल कार्यालयात होती. हॉलच्या मधोमध रिंग बांधली होती, मला बोलायला हॉललगतची काचेची केबिन दिली होती आणि मुलींना तयारीसाठी 'वधूपक्ष' अशी पाटी असलेली खोली दिली होती. अंतिम सामन्यातल्या दोघीही वधूपक्षाच्याच खोलीतून बाहेर आल्या. कॅमेरे दोन होते. एक स्टँडवर लावून ठेवलेला आणि दुसरा पप्पूच्या खांद्यावर. पप्पू लग्नाचं शूटिंग करतो आणि ते फार चांगलं करतो. लग्नात चेहरे लागतात, म्हणून त्याने बॉक्सिंगमध्येही चेहरे घेतले. बॉक्सिंग हा निम्मा पायांचा खेळ आहे असं मला आता समजलं आहे. आमच्या प्रक्षेपणात कुणालाही कमरेखाली काही नव्हतं. सकाळच्या एका सामन्यात एक मुलगा ठोसा खाऊन खाली बसला, त्या क्षणी पप्पू प्रमुख पाहुण्यांचा सत्कार घेत होता. शेठने लगेच रीप्ले दाखवायला सांगितला. रीप्लेत शाल अत्यंत संथ गतीने पाहुण्यांच्या खांद्यावर आली.

आवाजाचंही तसंच. माइक लावायला रिंगच्या लाल कोपऱ्याखाली जागा सापडली म्हणून तो तिथे लावला. त्या बाजूला लाल कोपऱ्यातल्या खेळाडूच्या गावची, जळोचीची, मंडळी बसली होती. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिटाची विश्रांती असते. शेठकडची पशुखाद्याची जाहिरात त्याहून जरा मोठी होती. त्यामुळे फेरीची सुरुवात आमच्या प्रेक्षकांना कधी दिसली नाही. या गोष्टी मी हसू यावं म्हणून सांगत नाही, जरी मित्रांना सांगताना मी स्वतः हसलो आहे. या तिन्ही गोष्टींचं वजन एकाच मुलीवर पडलं.

लाल कोपऱ्यात जळोचीची वैष्णवी होती. उंच, दणकट, घंटा झाली की सरळ चालून येणारी. निळ्या कोपऱ्यात लासुर्ण्याची ऋतुजा. ती इंदापूरला कॉलेजात शिकत होती, वैष्णवीपेक्षा बुटकी आणि अंगाने बारीक. पहिल्या फेरीत वैष्णवी पुढे यायची, हात चालवायची, आणि ऋतुजा मागे सरायची. एक पाऊल मागे, एक बाजूला. वैष्णवीचे ठोसे ऋतुजाने तोंडासमोर धरलेल्या ग्लोव्हजवर आदळायचे आणि माइकमधून धाड धाड आवाज यायचा. जळोचीकर उठून उभे राहायचे. त्या गडबडीत ऋतुजाचा डावा हात मधूनच सरळ पुढे जायचा, वैष्णवीच्या कपाळाला लागायचा आणि परत यायचा. त्याचा आवाज व्हायचा नाही.

मी कुस्तीचा माणूस. जो पुढे येतो त्याला चढवायचं. "वैष्णवीचा घणाघाती हल्ला," मी म्हणालो. "आणि लासुर्ण्याची पळपुटी मागे, मागे, अजून मागे. ताई, रिंग संपली, आता कुठं पळणार?" लगेच मेसेज आले. हसणारे चेहरे. शेठने काचेपलीकडून अंगठा दाखवला.

दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला ऋतुजाने वैष्णवीला दोन ठोसे असे मारले की वैष्णवीचे गुडघे वाकले. रेफरीने खेळ थांबवला, वैष्णवीसमोर उभं राहून बोटांनी आठपर्यंत आकडे मोजले आणि मग खेळ सुरू केला. हे घडलं तेव्हा आमच्या प्रेक्षकांना म्हैस पशुखाद्य खाताना दिसत होती. मी मात्र ते प्रत्यक्ष पाहिलं होतं. रेफरी वैष्णवीला समज देतोय असं मला वाटलं. जाहिरात संपल्यावर मी म्हणालो, "प्रेक्षकहो, विश्रांतीच्या काळात विशेष काही घडलेलं नाही."

बॉक्सिंगमध्ये गुण कसे देतात ते आता सांगतो, कारण तेव्हा मी सांगितलं नाही. रिंगच्या बाजूला पाच पंच वेगवेगळे बसतात. मुठीच्या पुढच्या भागाचा ठोसा समोरच्याच्या चेहऱ्यावर किंवा कमरेवरच्या अंगावर स्वच्छ बसला तरच तो धरतात. हातावर, ग्लोव्हजवर बसलेला कितीही जोरात वाजला तरी धरत नाहीत. प्रत्येक फेरीत सरस ठरलेल्याला दहा गुण, दुसऱ्याला त्याहून कमी. पुढे कोण येतो आणि मागे कोण जातो याला वेगळा गुण नाही. समोरच्याला आपल्यामागे यायला लावून दमवायचं आणि तो चुकला की मारायचं, हीच एक खेळण्याची रीत आहे. पाचही पंचांनी ऋतुजाला विजयी ठरवलं. पाचही पंच बाहेरून आले होते, त्यांना आमची कॉमेंट्री ऐकू येत नव्हती.

त्यानंतर माझ्या बोलण्याचे तुकडे कापून लोकांनी मोबाइलच्या स्टेटसवर ठेवले. 'आता कुठं पळणार' याला कुणीतरी ढोलकी जोडली. एमआयडीसीत सकाळच्या पाळीला जाणारी पोरं मला चौकात आवाजावरून ओळखून म्हणायची, "सर, लई हाणलं तुमी." मी हात वर करायचो.

पुढे एका रविवारी मी नानाच्या सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. नानाचा स्वभाव असा की टीव्ही लावायचा, त्याचा आवाज बंद ठेवायचा आणि मोबाइलवर गाणी लावायची. टीव्हीवर आमचंच चॅनेल होतं आणि तो सामना पुन्हा दाखवत होते. शेठकडे दाखवायला दुसरं फारसं काही नसतं. मी तोंडाला फेस लावून माझ्या आवाजाशिवाय सामना बघत होतो. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कळेना. शेवटी मी विचारलं, "नाना, कोण चांगलं खेळतंय?"

नानाने मान वर करून थोडा वेळ पाहिलं. "निळी," तो म्हणाला. "दिसतंय की. लाल नुसतीच दारं वाजवल्यासारखी करतीय."

"ही ती फायनल आहे. जळोचीच्या पोरीची."

नानाचा हात थांबला. "ती पळपुटीची?"

"हो."

नाना टीव्हीजवळ जाऊन उभा राहिला. परत आला. "घरी बघितली तवा तर ती पळत होती."

"तेव्हा आवाज होता."

"आवाजाचा काय संबंध?" नाना म्हणाला आणि त्याने वस्तरा गळ्याला लावला.  

त्या दिवशी पप्पूकडून सामन्याचं पूर्ण रेकॉर्डिंग आणलं, जाहिराती नसलेलं. प्रक्षेपणात न घेतलेल्या, स्टँडवरच्या कॅमेऱ्यात दोघींचे पाय दिसत होते. आवाज बंद करून मी ते बघितलं, मग ज्यांना या खेळातलं कळतं अशा दोघांना फोन करून विचारलं. ते आठ आकडे कशाचे होते हे मला तेव्हा कळलं: ठोशाने खेळाडू डळमळला की रेफरी खेळ थांबवून आठपर्यंत मोजतो. म्हणजे वैष्णवी ज्या क्षणी हरायला लागली, नेमका तो क्षण मी 'विशेष काही घडलेलं नाही' म्हणून पुसून टाकला होता.

इतकं कळूनही लासुर्ण्याला जायला मी बरेच दिवस घेतले. लग्नसराई होती. मग गाडीचं काम निघालं. मग कुणीतरी म्हणालं की लोक आता विसरले असतील. हे तिसरं कारण मला सगळ्यांत जास्त पटलं होतं. पण वालचंदनगरच्या रस्त्याला एका उद्घाटनाला गेलो असताना चहाच्या टपरीवर दोन पोरं एका तिसऱ्याला चिडवत होती. तो त्यांची शर्यत अर्धवट सोडून आला होता, आणि ती दोघं त्याला 'ऋतुजा' म्हणत होती. मग मी तिथूनच गाडी वळवली.

ऋतुजाचं घर उसाच्या कडेला होतं. मी फाटकातून "हणमंतराव आहेत का?" असं विचारलं. गोठ्यातून उत्तर आलं, "टीव्हीवाले न्हवं का?" मला न बघता. मग हणमंतराव, ऋतुजाचे वडील, हात पुसत बाहेर आले. शांत माणूस. आधी पाणी दिलं, चहा सांगितला, मग समोर बसले. 

"माझी चूक झाली," मी म्हणालो.

"झाली खरी," ते म्हणाले. "पोरगी जिकून आली तवा मंडळाच्या पोरांनी फ्लेक्स छापून आणला होता. मोठा. तिचा फोटू, पदक, समदं. दुसऱ्या दिवशी लावायचा होता. मग त्यांनी टीव्ही बघितला."

"मग?"

"मग म्हणाले, नको, लोक हसतील. आता त्यो खालच्या आळीला वैरणीवर झाकलाय. मी बघून आलो. फोटू खालच्या अंगाला हाय, म्हंजे भिजणार न्हाय."

चहा आला. मागोमाग ऋतुजा आली. माझा आवाज ऐकूनच आली असणार. मी उभा राहिलो. ती "बसा, काका" म्हणाली, पण स्वतः बसली नाही. मी विचारलं, सराव कसा चाललाय. हणमंतरावांनी उत्तर दिलं. "सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पळायची. आता ट्रॅक्टरवरली पोरं आरडत्यात, पळ पळ, तेवढंच येतंय तुला. म्हणून उसातल्या पाणंदीनं पळती. कुणाला दिसू नये म्हणून. पुढल्या महिन्यात राज्याची स्पर्धा हाय. म्हणती, जायचं न्हाय."

"का?" मी तिला विचारलं. हा प्रश्न विचारायचा अधिकार जगात सगळ्यांत कमी कुणाला असेल तर तो मला.

"जिकून आले तरी हेच, आन हरून आले तरी हेच," ती म्हणाली. "मग कशाला जायचं?"

मी तिला सांगितलं की मी सामना पुन्हा पाहिला, मला आता समजलं आहे. तिने विचारलं, "काय समजलं?" मी स्वच्छ ठोसे, दहा गुण वगैरे सांगायला लागलो. तिने मधेच थांबवलं.

"काका, उभं राहा. मला मारा."

"काय?"

"मारा. खरंच मारा. लागायचं न्हाय."

मी हणमंतरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मारा की. कॉमेंट्री तर केलीच हाय."

मग मी, माझ्या वयाचा माणूस, चप्पल काढून त्या अंगणात एका कॉलेजातल्या मुलीला मारायचा प्रयत्न करत होतो आणि तिचा बाप बशीत चहा ओतून ते बघत होता. पहिला हात हवेत गेला. दुसराही. ती फक्त एक पाऊल मागे जात होती, मग जरा बाजूला, आणि मी जिथे मारत होतो तिथे नसायची. मी जोर वाढवला. थोड्या वेळात मला धाप लागली आणि मी गुडघ्यांवर हात टेकले, तेव्हा तिने एक बोट पुढे करून माझ्या हनुवटीला लावलं.

"मी अजून अंगणातच हाय," ती म्हणाली. "दम तुमाला लागलाय."

मी खाली ओट्यावर बसून म्हणालो, "ऋतुजा, मला माफ कर."

"हितं मागून काय उपयोग? घरात समद्यांना म्हाईत हाय मी जिकले ते. जिथं बोलला तिथं बोला."

हे बरोबर होतं. मी शेठकडे गेलो आणि म्हणालो, चॅनेलवर एक खुलासा द्यायचा आहे.

"कशाचा?"

"त्या सामन्यात मी चुकीचं बोललो."

"मग आता बरोबर बोलू नका," शेठ म्हणाले. "एकदा चुकलो म्हणून सांगितलं की लोकांना वाटंल, बाकीच्या वेळीबी चुकीचंच सांगत असतील."

"सांगतोच की, शेठ."

"ते त्यांना कशाला सांगायचं?"

शेठ वाईट माणूस नाहीत. चॅनेल हीच त्यांची शेती आहे. पण मी ठरवलं की लाइव्हमध्ये बोलायचं. लाइव्ह म्हणजे लाइव्ह. पुढच्या आठवड्यात इंदापूरला क्रिकेटचा सामना होता. दोन षटकांच्या मधे मी सुरुवात केली. "प्रेक्षकहो, मागे बॉक्सिंगच्या अंतिम सामन्यात मी..." समोरच्या छोट्या टीव्हीवर म्हैस आली. मला ते दिसत होतं, तरी मी पूर्ण बोललो, कारण थांबलो असतो तर पुन्हा धीर झाला नसता. जाहिरात संपली तेव्हा माझंही संपलं होतं. कानाला हेडफोन लावलेला पप्पू लांबून म्हणाला, "सर, मी समदं ऐकलं. चांगलं बोललात." पप्पूबद्दल मी कधी काही वाईट बोललो नव्हतो.

त्यानंतर शेठने मला महिनाभर बोलावलं नाही. मी विचार करत बसलो. मी जे केलं होतं ते टीव्हीवर केलं होतं, पण ते टिकून राहिलं होतं रस्त्यावर, टपरीवर, ट्रॅक्टरवर. आणि जो माणूस 'पळपुटी' ऐकून हसला होता तो बॉक्सिंगचा प्रेक्षक नव्हता. तो कुस्तीचा प्रेक्षक होता, माझाच, वीस वर्षांपासूनचा. मागे सरणाऱ्याला हसायची सवय त्याला मी आणि माझ्यासारख्यांनीच लावली होती.

लासुर्ण्याच्या जत्रेच्या कुस्त्या त्याच सुमारास होत्या आणि निवेदनाला दरवर्षीप्रमाणे मीच होतो. तिथे चॅनेल नसतं. कर्णे असतात, विजेच्या खांबांना बांधलेले, पार उसापर्यंत. कर्ण्यावर मधेच जाहिरात लावता येत नाही. मी जत्रेच्या पंच कमिटीच्या तात्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं.

"किती वेळ बोलणार?"

"एक मिनिट."

"शेवटच्या कुस्तीच्या आधी नको, लोक इनामाकडं बघत असत्यात. मधली एखादी कुस्ती सुटली की घ्या." मग म्हणाले, "मागं सरलं तरी चालतंय, असं सांगणार हाय का तुमी? आखाड्यात?"

"बॉक्सिंगमध्ये चालतं, असं सांगणार आहे."

"ते नीट फोड करून सांगा. न्हायतर आमचे पैलवान ऐकतील."

पुढे काय झालं ते आधी लिहून टाकतो, कारण माफीनंतर मला काही लिहायचं नाही. मी बोलून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकजण ओरडला, "लावा कुस्ती." तात्यांनी पुढची जोडी आत घेतली आणि मी त्यांची नावं, गावं, वस्ताद सांगितले. फ्लेक्स लावला गेला नाही. वैरणीवरून काढला मात्र, असं हणमंतराव फोनवर म्हणाले. ऋतुजा राज्य स्पर्धेला गेली आणि दुसऱ्या सामन्यात हरली. तिच्यापेक्षा चांगली खेळणारी मुलगी होती, असं तीच म्हणाली. ट्रॅक्टरवरली पोरं अजून ओरडतात, पण ती कालव्याच्या रस्त्यानेच पळते. तिने मला माफ केलं का हे मी विचारलेलं नाही. जळोचीच्या वैष्णवीकडेही मला एकदा जायला हवं. तुझ्यावर अन्याय झाला असं मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, आणि तिला ते अजून खरं वाटतं. त्यामुळे आपलं काय चुकलं हे शोधायची तिला गरजच वाटत नाही, असं तिचे प्रशिक्षक मला म्हणाले. त्या बाबतीत मी अजून 'लग्नसराई आहे' याच ठिकाणी आहे.

लासुर्ण्यात त्या दुपारी एक कुस्ती बरोबरीत सुटली. दोन्ही पैलवान माती झटकत बाहेर गेले. तात्यांनी मान हलवली. मी आधी घरी काही ओळी पाठ केल्या होत्या, त्या सगळ्या विसरलो. जे बोललो ते असं:

"मंडळी, एक मिनिट बसून घ्या. ही कुस्तीची सूचना नाही. तुमच्या गावच्या हणमंतरावांच्या ऋतुजाताई बारामतीला बॉक्सिंगमध्ये पहिल्या आल्या. त्यांना टीव्हीवर पळपुटी म्हणणारा माणूस मीच. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. कळत नाही असं म्हणायला पाहिजे होतं, ते मी म्हणालो नाही, कारण गप बसायची मला सवय नाही. कुस्तीत मागं सरणं वेगळं. बॉक्सिंगमध्ये मागं सरून समोरच्याला चुकवायचं आणि मारायचं, हाच डाव असतो. तो डाव त्यांनी तिन्ही फेऱ्यांत बरोबर केला. समोरच्या मुलीवर रेफरीला आकडे मोजावे लागले, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. पाच पंच बरोबर होते. चुकीचा एकटा मी होतो, आणि आवाज फक्त माझाच होता. तुम्ही जे हसलात ते माझ्यामुळे हसलात, त्याचा दोष तुमच्यावर नाही. पण आता खरं काय ते मी सांगितलेलं आहे. इथून पुढं कुणी हसलं तर ते त्याचं त्याने बघावं. ऋतुजाताई, तुम्ही घरी असाल तर कर्णा ऐकू येत असेल. मी चुकलो. मला माफ करा."